साहेबाच्या कानाची खाच

कवठे येमाईच्या अलीकडच्या वाडीत इलाही मुलाण्याचं घर एकच होतं, आणि त्या घरावाचून वाडीचं पान हलत नव्हतं. जत्रा असो, नवस असो, बोकडावर सुरी फिरवायची ती मुलाण्यानेच. त्याच्या घरचा हात लागला नाही तर देवीला निवद पोचत नाही आणि ताटाला कुणी शिवत नाही, अशी तिथली रीत. लोक ह्याला मुलाण्याचा मान म्हणत. इलाही मनातल्या मनात त्याला गळ्यातलं लोढणं म्हणे.

त्याचा एकुलता एक रहीम हळव्या काळजाचा निघाला. लहानपणी जत्रेतलं रक्त बघून तो तापाने फणफणला होता. तेव्हापासून इलाहीने सुरी कधी त्याच्या हाती दिली नाही. आता रहीमला मिसरूड फुटलं होतं, आणि इलाहीच्या हाताला कंप सुटू लागला होता. आपल्यामागं ही सुरी पोराच्या गळ्यात पडणार, ह्या विचाराने त्याला घास गोड लागेना.

म्हणून दौंडच्या बाजूला सरकारने विलायती बोकड आणून ठेवल्याचं कानावर आलं, तेव्हा इलाही आपली चांदी शेळी घेऊन भीमा उतरून गेला. वाडीने त्याची यथेच्छ टिंगल केली. "मुलाणी शेळीला गोऱ्या सायबाच्या घरी देतोय," म्हणत हौसराव पारावर पोट धरून हसला. पण चांदीला बोकड झाला तो पांढराशुभ्र, उंच, लांब तोंडाचा, आणि हसणाऱ्यांचीच पावलं मुलाण्याच्या छपराकडं वळू लागली. हौसरावानेच त्याचं नाव साहेब ठेवलं.

साहेबाचं सगळं रहीम बघायचा. बाभळीच्या शेंगा गोळा करायचा, सुबाभूळ कुठं मिळते ते हुडकायचा, गोठा झाडायचा. असल्या संकरित बोकडाची सरकारदरबारी नोंद झाली, की तो मालकाच्याच दारात ठेवायचा आणि आसपासच्या वाड्यांनी आपल्या शेळ्या तिथं आणायच्या, अशी योजना होती. बोकड सांभाळणाऱ्याला सरकारचं काम मिळणार होतं. पोपटराव पाटलांनी स्वतः रहीमसाठी शब्द टाकला होता. इलाहीला एवढंच पाहिजे होतं. पोरगा बोकड सांभाळणारा होऊ दे, कापणारा नको.

नोंदीला तालुक्याचे डॉक्टर आले, संगतीला पोपटरावही होते. चांदीचं दूध त्यांनी समोर काढून मोजलं, साहेबाचे दात बघितले, पाठ चाचपली आणि खूश झाले. मग पिशवीतून चिमटा काढून म्हणाले, "नोंदलेल्या नराच्या उजव्या कानाला खाच पाडावी लागते."

इलाही चपापला. मरीआईला सोडलेल्या बोकडालाही वाडीत उजव्याच कानाला खाच पाडत. डावा कान घ्या, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण डॉक्टरांना राग आला आणि नोंद राहिली तर? त्याने साहेबाचं डोकं घट्ट धरलं. चिमटा वाजला, साहेब ओरडला, आणि रहीमचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

हमीदाने मात्र बघता क्षणी कपाळाला हात लावला. "अवो, ही तर आईची खाच!"

"सरकारची हाय. गप ऱ्हा," इलाही बायकोवर खेकसला.

त्या उन्हाळ्यात वाडीत देवी आल्या. लस टोचणारा माणूस येऊन गेला, तेव्हा निम्म्या बायांनी लेकरं कणगीमागं लपवली होती. आता त्याच लेकरांच्या अंगावर फोड उठले. साळूबाईचा मुलगा गेला. मग पोपटरावांची नात अंथरुणाला खिळली. अशा वेळी माणसाला कारण पाहिजे असतं, आणि कारण सापडायला वेळ लागत नाही. मरीआईपुढं रंगुबाईच्या अंगात आलं आणि ती घुमत घुमत म्हणाली, "माजा बोकड बांदून ठिवलाय! माजा बोकड सोडा!"

वाडी मुलाण्याच्या दारात आली. पुढं पोपटराव होते, डोक्याला पटका नाही, डोळे सुजलेले.

"आबा, त्या खाचंला आईचा हात लागला न्हाई," इलाही हात जोडून म्हणाला. "तुमच्यादेखत डाक्टरानं पाडली. तुम्हीच व्हता न्हवं हितं?"

"व्हतो," पोपटराव म्हणाले.

रंगुबाई मागून किंचाळली, "सरकारच्या हातनं आईनंच पाडून घेतली!"

गर्दीने माना डोलावल्या. ज्या पाटलांनी रहीमसाठी शब्द टाकला होता, ते मुलाण्याच्या पायाशी बसले. "इलाहीभाई, तुमचा बोकड मला नगं. मला पोर पायजे. ती डोळं उगडंना. तुमाला लेकरू हाय, मी काय सांगू?"

इलाहीला त्यांचा राग येईना, हीच सगळ्यांत मोठी पंचाईत होती. शिव्या घातल्या असत्या तर तोही भांडला असता. तो साहेबाला घेऊन मरीआईपर्यंत गेला. सुरी काढली. पण हात असा थरथरू लागला, की पातं साहेबाच्या मानेवरून घसरून त्याच्याच बोटात रुतलं. साहेबाने ओळखीने त्याचा तळहात चाटला.

"माज्यानं व्हत न्हाई," इलाही म्हणाला आणि सुरी टाकून खाली बसला.

लोकांत कुजबुज उठली. मुलाण्याला करायचंच नाही, असं कुणीतरी म्हणालं. मग कुणाची तरी आई मोठ्याने रडू लागली, आणि हौसराव दात खात पुढं सरकला. तोच हौसराव, ज्याने साहेबाचं नाव ठेवलं होतं.

रहीम मधे आला. "अब्बाला हात लावू नगा," तो म्हणाला. त्याने सुरी उचलली, साहेबाला गुडघ्याशी घेतलं, त्याचं तोंड मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडं वळवलं. इलाही "नगं, नगं रं" म्हणत उठेपर्यंत बिस्मिल्ला म्हणून झालं होतं. एकच हात. साहेबाला ओरडायलाही सापडलं नाही. रहीमला ताप आला नाही, भोवळ आली नाही.

"बापासारखाच हात हाय," मागून कुणीतरी समाधानाने म्हणालं.

पोपटरावांच्या नातीने पुढं डोळे उघडले. तोंडभर व्रण राहिले, पण पोरगी वाचली, आणि वाडीचा विश्वास पक्का झाला. साळूबाईची धाकटी मात्र त्याच आठवड्यात गेली, तिचं नाव कुणी काढलं नाही.

मग शेजारच्या वाडीतली माणसं आली. तिथंही देवी आल्या होत्या, बोकड तयार होता. इलाही अंगणात होता. "चला," म्हणत तो कसाबसा उठला.

माणसं अवघडली. त्यांच्यातला म्हातारा चाचरत म्हणाला, "तुमी बसा मामा. आमी रहीमभाईला न्याया आलोय."

इलाहीने पोराकडं बघितलं. नाही म्हण, एकदा तरी नाही म्हण, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. रहीमने पायताण चढवलं आणि त्यांच्याबरोबर चालू लागला.