गंगीचा गूळ

“आज्जा, दिसली! सोंड दिसली!”

पुट्टी बसच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झाली, तसा भागीरथीनं लेकीचा फ्रॉक मागून घट्ट धरला. “आत हो गं बाय, पडशील!” ती म्हणाली खरी, पण घाईघाईत तिची स्वतःची चप्पलही पायात शिरेना.

हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातल्या बारा घरांनी मिळून कारवारचा समुद्र बघायला ही बस केली होती. यल्लापूरच्या पुढं, जंगलखात्याच्या हत्तींच्या कॅम्पापाशी अर्धा तास थांबायचं, हे मात्र पुट्टीनं ड्रायव्हरकडून हातावर हात मारून कबूल करून घेतलं होतं. कारण तिथं आज्जाची गंगी होती.

पुट्टीचा आज्जा म्हणजे भागीरथीचे सासरे भरमा. ती त्यांना मामा म्हणायची. ते तेवीस वर्षं या जंगलात ओंडक्यांना साखळ्या बांधत होते. ओंडके ओढायची गंगी हत्तीण. काम सुटून दहा वर्षं झाली, तरी हुबळीतल्या उणकलच्या घरी एकही जेवण गंगीच्या गोष्टीवाचून होत नसे. तिच्या डाव्या कानाला रुपयाएवढं भोक. साखळी सुटली की मामांनी गुळाचा खडा आधी आपण चाटायचा, मग तिला द्यायचा. न चाटलेला ती घेतच नसे.

“अप्पा, तुमच्या गंगीनं ओळखलं नाही तर काही खरं नाही हं,” लक्ष्मण वडिलांना हसत म्हणाला. “तुमच्या नातीनं सगळ्या बसला सांगून ठेवलंय.”

“ओळखती की! न ओळखायला काय झालं तिला?” मामा म्हणाले. पण खिशावरचा हात काही निघेना. खिशात गुळाचे दोन खडे होते. सकाळी भागीरथीनंच बांधून दिलेले.

बस थांबली, सगळे उतरले. झाडाखाली एक मोठी हत्तीण पाला मोडत उभी होती. पोरांनी एकच गिल्ला केला.

“हीच का आज्जा? हीच?”

मामांना दिसायचं बेताचंच. ते अगदी जवळ गेले. त्यांची बोटं डाव्या कानाच्या कडेनं खाली उतरली, पुन्हा वर चढली. पुट्टीला कडेवर घेतलेल्या भागीरथीनंही पाहिलं. कान सबंध होता.

सगळी बस भोवती जमून बघत होती.

“हीच,” मामा म्हणाले. “हीच की माझी बाय.”

त्यांनी एक खडा काढला, चाटला, वर धरला. हत्तिणीनं तो अलगद उचलला.

“ओळखलं! आज्जाला ओळखलं!” पुट्टी टाळ्या पिटत कडेवरून उतरलीच. लक्ष्मणसुद्धा टाळ्या वाजवत होता.

गर्दी दुसऱ्या हत्तीकडे वळली, तेव्हा मामांनी माहुताला हळूच कानडीत विचारलं. भागीरथी मागंच होती.

“गंगी? गेल्या पावसाळ्यात गेली, अज्जा. त्या बांबूंच्या पलीकडं पुरलंय.”

“बरं,” मामा म्हणाले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सगळे बसकडे धावले. मामाही वळले.

“मामा,” भागीरथी खालच्या आवाजात म्हणाली, “जाऊन या. बस मी थांबवते.”

आणि दारात आडवी उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, “अण्णा, थांबा की जरा! चप्पल तुटली माझी.”

“समुद्र काय तुमच्यासाठी थांबतोय होय, अक्का?” ड्रायव्हर कुरकुरला.

“थांबतो की! इतकी वर्षं थांबलाय.”

सगळे हसले. भागीरथी धडधाकट चपलेचा अंगठा ओढत बसली. तिरप्या नजरेनं तिला बांबूंपाशी मामा दिसत होते. त्यांनी खिशातला दुसरा खडा काढला. आधी चाटला. मग वाकले.