सहावाले, नऊवाले आणि मी

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. पुढचं काही सांगण्याआधी एक विनंती करतो: माझ्या डोक्यावर टिचकी मारू नका. शेजारचे आजोबा जागे आहेत की झोपलेत हे बघायला तुम्ही त्यांच्या डोक्यावर टिचक्या मारता का? नाही ना? मग माझंच डोकं काय वाटेवर पडलंय? आणि फुंकरही नको. मी काही गरम दूध नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या एका कारागीर बाईंनी माझ्या पोटात पातळ पडदा बसवला. तो बसवताना त्या श्वास रोखून धरत, कारण नुसत्या श्वासानेही तो हलायचा. मग वायर जोडून त्या म्हणाल्या, "एक, दोन, तीन." ते मी ऐकलेले पहिले शब्द. तेव्हापासून माझं असं आहे, की दिसतं मला नेहमीच, पण ऐकू येतं ते वायर जोडलेली असली तरच. वायर निघाली की मी ठार बहिरा.

तिथून मी एका वाचनालयाच्या सभागृहात आलो. तिथले वायरमन काका भला माणूस. कार्यक्रम संपला की मऊ फडक्याने मला पुसायचे आणि माझी वायर मोठ्या गोल वेटोळ्यात ठेवायचे. "हिला मोडून घडी घातली, तर आतली तार तुटते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचे. ते निवृत्त झाले आणि माझे चांगले दिवस संपले. नवा वायरमन माझी वायर कोपराभोवती गुंडाळायचा, पीळ द्यायचा आणि वर गाठ मारायचा. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या मानेपाशी वायर उसवत चालली होती. एकदा कथिलाचा डाग देऊन तार जोडली असती तर काम झालं असतं, पण सगळे म्हणायचे, "चालतंय ना? मग राहू दे."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या सभागृहात दर वर्षी एक वाचक मंडळ जमायचं. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एका लेखिकेवर या मंडळींचा जीव होता. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाईंची सगळ्यांत लाडकी कादंबरी म्हणजे 'परतीचं इंधन'. मी ती वाचलेली नाही, माइकच्या हाती पुस्तक कोण देणार? पण वीस वर्षं तिच्यावरची भाषणं ऐकून ती मला पाठ झाली आहे. एक आत्या यान घेऊन दूरच्या ग्रहावर निघते. तिची लहानगी भाची गच्चीवर उभी राहून विचारते, "परत येशील ना?" आत्या उत्तर देण्याआधीच यानाचं दार बंद होतं आणि पुस्तक संपतं.

आत्या परत आली का? ते अवलंबून आहे यानातल्या इंधनावर. इंधनाचा आकडा आहे पान एकशे चाळीसवर. आणि नेमकी तिथेच छापताना शाई फुटली! तो आकडा ६ आहे की ९, हे कुणालाच कळत नाही. सहा टन असेल तर फक्त जाता येतं. नऊ असेल तर परत येता येतं. पुढच्या सगळ्या आवृत्त्या त्याच छापावरून निघाल्या, त्यामुळे डागही तसाच उतरत गेला. झालं! मंडळात दोन तट पडले, सहावाले आणि नऊवाले.

सहावाल्यांचे पुढारी एक घड्याळजी. ते डोळ्याला भिंग लावून तो डाग बघत आणि म्हणत, "शेपूट खाली वळलंय. सहाच!" नऊवाल्यांचे पुढारी एक बस कंडक्टर. हे पुस्तक वाचण्याच्या नादात ते एकदा घंटी मारायची विसरले होते आणि अख्खी बस तीन थांबे पुढे गेली होती. ते म्हणत, "शब्द दिल्यावर आत्या येणारच. नऊ!" आत्याने शब्द दिलेलाच नव्हता, पण त्यांना कोण सांगणार? एक परिचारिका होत्या. त्यांनी आपल्या एका म्हाताऱ्या रुग्णाला ही कादंबरी रोज दोन पानं अशी वाचून दाखवली होती. त्या हे सांगायच्या तेव्हा माझ्याही पडद्याला कंप सुटायचा. खोटं का बोलू, या लोकांचं प्रेम खरं होतं.

पण मित्रांनो, बाई तिथेच बसलेल्या असायच्या! व्यासपीठावर, माझ्यापासून चार हातांवर! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वीस वर्षं ही माणसं सहा-नऊ करत भांडली, पण एकानेही त्यांना विचारलं नाही. एकदा परिचारिकांनी तोंड उघडलं, तर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "छे छे, बाईंना त्रास नको." अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचे गुरुजी. प्रत्येक जण "वेळ कमी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो" म्हणायचा आणि अर्धा तास मला धरून ठेवायचा. शेवटी गुरुजी जाहीर करायचे, "वेळेअभावी बाई फक्त आभार मानतील." बाई हसून आभार मानायच्या. मी आतल्या आत चरफडायचो.

मग गेल्या वर्षीचा कार्यक्रम आला. बाईंच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. आवाज अगदी कुजबुजीएवढा उरला होता. सोबत त्यांची धाकटी बहीण होती. ती माझ्याशेजारीच गुरुजींना म्हणाली, "ताईला पुढच्या महिन्यात पुन्हा दवाखान्यात जायचंय. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. तिने 'परतीचं इंधन'चा पुढचा भाग लिहून पूर्ण केलाय. आज तिला त्याचं शेवटचं पान स्वतः वाचायचंय."

"अहो, सोन्याहून पिवळं!" गुरुजी म्हणाले. "सगळ्यांत शेवटी ठेवू. म्हणजे लोक उठून जाणार नाहीत."

शेवटी! सभागृह सातला रिकामं करावं लागतं आणि हे म्हणतात शेवटी!

चारला कार्यक्रम सुरू झाला. कंडक्टर बोलले. घड्याळजी बोलले. कंडक्टर घड्याळजींना उत्तर द्यायला परत आले. बाईंच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत ते पान होतं. वीस वर्षांच्या भांडणाचा निकाल तिथे घडी घालून ठेवलेला, आणि ही मंडळी माझ्या तोंडाशी येऊन अंदाज बांधत होती. सहा वाजता गुरुजी समारोपाला उभे राहिले. त्यांनी फळ्यावर यानाचा मार्ग काढला. बाण काढले. एक बाण चुकला म्हणून पुसून पुन्हा काढला. बाईंनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. धाकट्या बहिणीने दोनदा हात वर केला. गुरुजींना वाटलं, तिला शंका आहे. ते म्हणाले, "शंका शेवटी."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला स्वतःचा आवाज कुठे आहे? मी दुसऱ्याचाच मोठा करणारा.

पावणेसातला एकदाची बाईंची पाळी आली. गुरुजींनी उत्साहाच्या भरात मला स्टँडवरून उपटलं आणि त्यांच्या हातात दिलं. बाईंनी पान उलगडलं, मला ओठांजवळ धरलं. "आत्याच्या यानाने..." एवढं मी ऐकलं, आणि मानेपाशी कट्ट झालं. ती उसवलेली तार तुटली. सगळं गप्प.

मित्रांनो, मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. वीस वर्षं नको त्यांचं सगळं ऐकलं आणि त्या एका पानाला माझं नरडं बसलं! वायरमन धावत आला आणि त्याने काय केलं असेल? टिचकी मारली. मागच्या रांगेतले लोक कानामागे हात धरून पुढे झुकले होते. बाईंनी मला मेजावर ठेवलं आणि पानाकडे पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात मागून कंडक्टर उठले. ते पुढे आले आणि व्यासपीठासमोर थेट जमिनीवर मांडी घालून बसले. मग परिचारिका आल्या. मग घड्याळजी आले आणि कंडक्टरांना खेटून बसले. बघता बघता सगळं सभागृह बाईंच्या पायाशी जमलं. गुडघे धरत गुरुजीही बसले. बाई खुर्ची पुढे ओढून वाचू लागल्या. मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. दुसऱ्या कुणाचाही ओठ हलत नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदाच!

पान संपलं तेव्हा कंडक्टर रडत होते. घड्याळजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग तेही रडू लागले. आता यावरून मी काय समजायचं? नऊवाले हरले म्हणून रडतात की जिंकले म्हणून? परिचारिका तर हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. कुणी तरी एकाच बाजूने वागा ना!

तेव्हापासून मी वाचनालयात, सभागृहाच्या दारासमोरच्या काचेच्या कपाटात पडून आहे. यंदाही मंडळ जमलं. नवा माइक आणला होता, पण तो कोपऱ्यातच राहिला. सगळे बाईंभोवती जमिनीवर बसले होते. बाईंचा आवाज गेला असावा. त्या पाटीवर लिहीत होत्या आणि सगळे वाकून वाचत होते. त्यांच्या हाती खडू बघून मला वाईट वाटलं, पण त्या खुशीत दिसत होत्या.

मित्रांनो, वस्तूची काळजी ती चालत असतानाच घ्या. आणि एखाद्या माणसावर जीव असेल तर त्याच्याविषयी बोलून झाल्यावर, किंवा त्याआधीच, त्यालाही बोलू द्या. तो समोर बसलेला असतो, पण कायमचा बसलेला नसतो.

समोरच्या फळीवर बाईंचं ते नवं पुस्तक लावलं आहे. तुमच्यासारखी मुलं ते घरी नेतात, वाचून परत आणतात आणि माझ्याकडे न बघता निघून जातात. तुमच्यापैकी कुणाला थोडी दया आली, तर कपाट उघडा, माझ्या तुटक्या तारेला एक डाग द्या, वायर जोडा. भाषण करू नका. फक्त जवळ येऊन एवढंच सांगा, आत्या परत आली का?