दात उमटलेला गोळा

"लाल ज्वारी तीनदा भिजवायची, तीनदा पाणी ओतून द्यायचं. गोळे स्वतःच्या हातानं वळायचे, लाल चवळीच्या भरड्यात घोळायचे. लाल रंगानं पोरीची इडापिडा टळते. आधी शेजारी द्यायचे, मग पोरीच्या ओठाला लावायचे. ती दहा वर्षांची होईस्तोवर एकही वाढदिवस चुकवायचा नाही, पहिला तर नाहीच नाही. कळलं का, मिन-ओक?"

"हो आई," असं मिन-ओक म्हणाली होती, देगू शहरातल्या इस्पितळात आईच्या खाटेशी बसून. आई त्याच आठवड्यात गेली. नात, मिन-ओकच्या भावाची मुलगी ई-दाम, तेव्हा पाच महिन्यांची होती.

आज ई-दामला वर्ष पूर्ण झालं. मिन-ओकनं पहाटे बुद्धमूर्तीपुढं रोजचे एकशे आठ साष्टांग नमस्कार घातले, पंचशील म्हटलं, 'आज खोटं वागणार नाही' हा नेम नेहमीसारखा मनाशी घेतला आणि गोळ्यांचा डबा मांडीवर धरून बसनं भावाच्या घरी आली. अकरावा मजला.

दार उघडलं आणि तिला वाटलं, पुदिन्याच्या चटणीत पाय पडला. फुगे, पडदे, टेबलावरचं कापड, सगळं त्याच रंगाचं. मधोमध पुठ्ठ्याचा चंद्र, आणि त्यावर उखळात पीठ कांडणारा ससा.

"वन्सं, कसं दिसतंय?" भावजय दा-हे हरखून म्हणाली. "हॉल घेतला असता तर घर विकावं लागलं असतं. हे सगळं भाड्यानं. फळं, वड्या, पोरीपुढं उचलायला मांडायचं सूत आणि धनुष्य, तिचा पोशाखसुद्धा. उद्या कुरियरवाला परत नेईल."

"फळं परत नेईल?"

"खोटी आहेत हो!"

"ताई, पेअरचा वास घेऊ नकोस," भाऊ सांग-गू हसत म्हणाला. "पायपुसण्यासारखा येतो."

दा-हेनं डब्याचं झाकण उचललं आणि तिचा चेहरा उतरला. "अय्या, लालभडक! माझ्या फोटोत रक्ताचे डाग दिसतील. गॅलरीत ठेवते हं."

"आधी शेजारी देऊन येते ना. आईनं..."

"नको हो वन्सं! आजकाल दारात आलेलं कोण खातं? तोंडावर हसून घेतील आणि मागून फेकतील. केक झाल्यावर बघू."

मिन-ओकनं डबा तिच्या हाती दिला. सणासुदीला आवाज चढवायचा नाही, हाही तिचा एक नेमच होता.

टेबलावर वड्यांची उतरंड होती. एका ताटलीत गुलाबी गोळे होते, लाल ज्वारीच्या गोळ्यांची ही रबरी नक्कल. तिनं एक उचलला. तो बोटांना चिकटला. उलटा केला तर खाली इवल्या दातांच्या चार खुणा, खाचांत वाळलेली लाळ, आणि लाळेत अडकलेला एक बारीक केस. कुणाच्या पोराचा, कुठल्या गावचा, कोण जाणे.

"ताई, थांब! तसाच धर," सांग-गूनं मोबाइल रोखला. "आजी नाही, तर तूच भरव. तोंडाशी ने आणि हस."

"हा? अरे, उष्टा आहे हा."

"खायचा कुठाय? नुसतं धर. एक सेकंद."

"वन्सं, हसा ना! आत्या ना तुम्ही!"

आणि मिन-ओक हसली. गोळा पोरीच्या तोंडाशी नेला. एक वर्षाचं लेकरू. आत्याच्या हातातलं खाणंच, म्हणून त्यानं तोंड वासलं आणि कचकन चावा घेतला. ओठावर गुलाबी रंगाची खपली आली. मिन-ओकनं बोट घालून ती बाहेर काढली. ओली, तेलकट, परक्या लाळेत भिजलेली.

"अगं बाई, दात उमटला! भरपाई मागतील!" दा-हेनं झडप घालून गोळा घेतला, उलटसुलट पाहिला. "हात्तिच्या, आधीचेच आहेत की! सुटलो." तिनं तो ओल्या कागदानं पुसला आणि पुन्हा ताटलीत ठेवला.

सांग-गूनं तोवर फोटो सगळ्यांना पाठवलाही होता. खाली लिहिलं होतं, 'आत्याच्या हातचे गोळे.' फोटोत मिन-ओक छान हसत होती. खरोखरीचं भरवणाऱ्या बाईसारखी.

त्या हसण्याकडं बघून तिला जी शिसारी आली, ती रबराच्या गोळ्याचीही आली नव्हती. पहाटे घेतलेला नेम दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही. तिनं मोरीत तीनदा हात धुतले, ई-दामचं तोंड पुसलं, तिला कोमट पाणी पाजलं आणि डबा आणायला गॅलरीत गेली.

डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. त्यावर वापरलेल्या लंगोटांची पिशवी ठेवलेली होती. ती कलंडून तिचा ओघळ आत उतरला होता. वरचे गोळे भिजून फुगले होते. दुर्गंधीनं तिचे डोळे भरून आले. सगळे गोळे कचऱ्यात ओतले, डबा उकळत्या पाण्यानं दोनदा धुतला, पुसून रुमालात बांधला.

"ताई, केक कापायचाय, कुठं निघालीस?"

"बाजारातल्या गिरणीत. भिजवून दळलेली ज्वारी मिळते तिथं. दिवस मावळायच्या आत येते."

"वन्सं, रागावलात का?"

"पोरीला ते भाड्याचे गोळे पुन्हा तोंडात घालू देऊ नकोस, दा-हे," ती हळूच म्हणाली.

तिनं बूट घातले. बाहेर त्या मजल्यावर आणखी पाच दारं होती. आधी किती घरी गोळे द्यायचे, ते तिनं नजरेत धरलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.