खांबाची चूक

भाऊजींनी व्हॅन खांबाला धडकवली, तेव्हा चूक खांबाची होती. हे आमच्या घरात एकमताने ठरलं. खांब आमच्याच लाँड्रीच्या फाटकाचा, माझ्या लग्नाआधीपासून तिथेच उभा असलेला. पण भाऊजी म्हणाले, "असा कुठे खांब असतो का?" आणि सासूबाई म्हणाल्या, "मेला मधेच आहे." भाऊजी एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रागाच्या भरात खांबाला सणसणीत लाथ हाणली. धडकेत व्हॅनचा नुसता दिवा फुटला होता. लाथेने भाऊजींचा घोटा मोडला. त्याचंही खापर खांबावरच फुटलं.

मी मात्र लायसन्सच्या चाचणीत चढावर गाडी बंद पडून नापास झाले, तेव्हा चूक चढाची नव्हती, गाडीची नव्हती, इन्स्पेक्टरचीही नव्हती. माझ्या स्वभावाची होती. "हिचा पिंडच घाबरट," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा तर कुणी काही बोललंही नाही. स्वभावाला औषध नाही म्हटल्यावर बोलणार तरी काय?

आमच्याकडची ही जुनी रीत. ह्यांच्या हातून शर्ट जळला तर इस्त्री जास्त तापलेली असते; माझ्या हातून जळला तर माझं लक्ष नसतं. भाऊजी शाळेत गटांगळ्या खायचे तेव्हा पेपर अवघड असायचे, आणि पास झाले की डोकं आजोबांवर गेलेलं असायचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि सून कितीही वर्षं नांदली तरी तिचा नंबर कार्ट्यांतच लागतो. याची मला चीड होतीच, पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची होती. दोनदा नापास झाल्यावर मलाही ते पटायला लागलं होतं.

आणि या वेळी पास होणं भागच होतं. आमची लाँड्री एका मोठ्या हॉस्पिटलच्या जिवावर चालते. रोज सकाळी धुतलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे तिथे पोचवायचे, कालचे मळके घेऊन यायचे. ह्यांना एका डोळ्याने कमी दिसतं, त्यामुळे ते गाडी चालवत नाहीत. भाऊजी प्लॅस्टरमध्ये. भाड्याचा ड्रायव्हर लावला, तर त्याला कधी जाग यायची नाही, तर कधी दुसरं चांगलं भाडं मिळायचं. चादरी उशिरा जायला लागल्या. शेवटी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन आला. "पेशंटला चादरीवाचून ताटकळत ठेवता येत नाही. अजून एकदा उशीर झाला की काम दुसऱ्या लाँड्रीला." ह्यांनी फोन ठेवला आणि मोठ्या मशीनमध्ये पुढच्या चादरी भरायला घेतल्या.

त्याच आठवड्यात ते मोठं मशीन बंद पडलं. पोटात चादरी, वर फेसाळ पाणी, आणि मशीन ढिम्म. हे आले, बाह्या सरसावल्या, जमिनीवर आडवे झाले. खालचं झाकण काढलं, जाळी ओढली, बॅटरीच्या उजेडात आत बोटं घातली आणि कुणाच्या तरी कोटाचं एक भलंमोठं बटण काढून मला दाखवलं. "हे अडकलं होतं." जाळी धुऊन परत बसवली, स्विच दाबला, मशीन फिरायला लागलं.

मी हातात पोतेरं घेऊन तशीच उभी राहिले. मशीनला कुणी घाबरट म्हटलं नव्हतं. त्याच्या माहेरचं कुणी काढलं नव्हतं. अडकलंय काय, एवढंच बघितलं आणि काढलं. मग मी बंद पडले की सगळे माझा स्वभाव का उघडून बसतात?

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारच्या चहाला सगळे इस्त्रीच्या टेबलाभोवती जमले, तेव्हा मी विषय काढला. "उद्या मी पास झाले तर का, आणि नापास झाले तर का, हे सगळ्यांनी आत्ताच सांगून टाका. निकालानंतर कारणं शोधायची नाहीत."

भाऊजींनी प्लॅस्टरचा पाय स्टुलावर नीट ठेवला. "वहिनी, रागावू नका हं. नापास झालात तर तुमची भीती. आणि पास झालात तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ."

"म्हणजे बुडाले तर मी, आणि तरले तर कावळा?"

"तसं नाही हो..." म्हणून त्यांनी बिस्कीट बुडवलं, आणि ते चहातच राहिलं.

हे जरा जपून बोलले. "तो कडक इन्स्पेक्टर बदलून गेला म्हणतात. आता कोणी बाई आल्यात. पास झालीस तर... त्या मवाळ असतील." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपात तोंड घातलं.

सासूबाई अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या. "मला नका विचारू. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलत नाही." जन्मभर न बघितलेल्या गोष्टींवरच बोलत आलेल्या बाईने हे म्हणावं!

"आणि तू गं?" ह्यांनी विचारलं. "तू का पास होशील?"

'नशिबात असेल तर' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते कसेबसे गिळले. दुसऱ्यांची उलटतपासणी घ्यायला निघाले होते, आणि माझ्याकडेही त्यांच्यापेक्षा बरं उत्तर नव्हतं. "पास झाले की सांगते," म्हणाले आणि कप उचलून मोरीकडे गेले.

नव्या इन्स्पेक्टरबाई मवाळ नव्हत्या. आवाज असा, की समोर दूध ठेवलं तर फाटावं. माझ्या आधीच्या दोघांना त्यांनी नापास केलं होतं. त्यातला एक म्हणत होता ब्रेक घट्ट आहे, दुसरा म्हणत होता ऊन डोळ्यांवर आलं. मला हसू आलं. ही तर आमच्याच घरची मंडळी!

चढापर्यंत सगळं नीट झालं. चढावर सिग्नल लाल होता. हिरवा झाला, मी निघाले, आणि गाडी एक गचका खाऊन बंद पडली. दोन्ही वेळा पडली होती तशीच, त्याच चढावर. मागून हॉर्न सुरू झाले. डोक्यात सासूबाईंचा आवाज अगदी स्पष्ट आला, 'पिंडच घाबरट.' मागच्या वेळी इथेच मी हातपाय गाळले होते.

पण या वेळी मला ते बटण आठवलं. स्वभाव राहू दे बाजूला, अडकलंय काय? क्लच. क्लचवरचा पाय मी लवकर उचलला. बस्स, एवढंच! एवढ्याशा गोष्टीसाठी मी दोनदा स्वतःला निकालात काढलं होतं? मला भीती वाटायच्या ऐवजी रागच आला, आणि रागात हात छान चालतात. हँडब्रेक ओढला. न्यूट्रल, चावी, पहिला गिअर. क्लच हळूहळू सोडत गेले, गाडीचं नाक जरासं उचललं गेल्यावर हँडब्रेक सोडला. गाडी चढायला लागली. मागचे हॉर्न वाजवायचे ते वाजवोत.

"पुढून डावीकडे," बाई म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांनी कागदावर सही केली. "चढावर गाडी बंद पडली होती तुमची."

"हो. क्लच लवकर सोडला मी."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बरोबर," म्हणाल्या. "पास."

मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि चारचौघांत मोठ्यांदा हसले. लोक बघत होते. खुशाल बघा म्हटलं!

घरी कळल्यावर भाऊजी ओरडले, "बसला, कावळा बसला!" ह्यांनी विचारलं, "बाई मवाळ निघाल्या ना?" मी आधीच्या दोघांची हकिगत सांगितली. हे वरमले. सासूबाई अभ्र्यांच्या घड्या घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडी व्हॅनमध्ये भरली. हे शेजारी बसले. आमच्या अंगणातून व्हॅन उलटी काढावी लागते, आणि फाटकाशी तो खांब. भाऊजी कुबड्या घेऊन बाहेर आले होते, सासूबाई पदर खोचून फाटकाशीच उभ्या होत्या. मी आरशात बघितलं, थोडी मागे घेतली, थांबले, चाक सरळ केलं, पुन्हा मागे. खांब खिडकीजवळून सावकाश सरकत गेला. व्हॅन रस्त्यावर आली. ओरखडासुद्धा नाही.

"वा!" भाऊजी म्हणाले. "आज खांब शहाण्यासारखा वागला."

सासूबाईंनी मागे वळून खांबाकडे बघितलं, मग आपल्या लाडक्या धाकट्याकडे. "खांब होता तिथेच आहे रे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही तिथेच होता. गाडी हिने काढली."

भाऊजी आपल्या प्लॅस्टरकडे बघायला लागले. माझे डोळे भरून आले. पण डोळे भरून गाडी चालवता येत नाही, म्हणून पटकन पुसले आणि निघाले.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी मेट्रनबाई उभ्या होत्या. त्यांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा गाठोड्यांकडे बघितलं. "आज इतक्या लवकर? रस्ता मोकळा मिळाला वाटतं."

ह्यांनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं, मिटलं, आणि हाताने मला पुढे केलं.

"रस्ता गच्च भरलेला होता," मी म्हणाले. "मला गाडी येते."