टेकवलेला पाय

न्यूट्रल

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. मित्रांनो, अशी सुरुवात करायची रीत आहे, म्हणून मित्रांनो. आपली मैत्री वगैरे काही नाही. तुम्ही मला कधी पाहिलेलंही नाही. मी ट्रकच्या पोटाखाली असतो, चिखलाच्या आणि तेलाच्या थराआड. तिथे वाकून बघायला येतो तो एकटा फिटर, आणि तोही नाक मुरडत.

तरी माझी गोष्ट ऐका. ऐकायची नसेल तर आत्ताच उतरा. मध्येच थांबलेली गाडी पुन्हा उचलताना त्रास मला होतो, तुम्हाला नाही.

माझ्या डोक्यातून एक लांब दांडा वर केबिनमध्ये जातो. त्याच्या बुडाशी रबराचं झाकण आहे, ते फाटलं आहे. त्या फटीतून मला वरचं सगळं ऐकू येतं, पण दिसतात ते नुसते पाय. माणसं तोंड सांभाळून बोलतात. पायांना ते जमत नाही. म्हणून मी माणसं पायांवरून ओळखतो, आणि आजवर त्यातलं एकही मला आवडलेलं नाही.

पहिला

मला भट्टीत वितळवून साच्यात ओतलं, थंड केलं, घासलं. माझ्या चाकांना दात कापले आणि ते दात तापवून तेलात बुचकळले, कडक व्हावेत म्हणून. ते झाले. मग मीही झालो.

आताच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात. चालवणारा चुकला तरी त्या दोन चाकांचा वेग जुळवून देतात, लग्नात रुसलेल्या दोन्ही बाजूंना समजावत फिरणाऱ्या मावशीसारख्या. माझ्यात मावशी नाही. माझ्या चाकांचा वेग जुळला तर दात दातांत बसतात. नाही जुळला तर खर्रर्र.

म्हणून मला चालवायचं तर क्लच दोनदा दाबावा लागतो. वरून खालच्या गिअरमध्ये यायचं असेल तर आधी क्लच दाबायचा, दांडा मध्ये आणायचा, क्लच सोडायचा. मग रेस द्यायची, कानाने अंदाज घेत. मग पुन्हा क्लच दाबायचा आणि दांडा सरकवायचा. सांगायला सोपं आहे. भरल्या गाडीत, चढावर, मागून हॉर्न वाजत असताना करून बघा.

मला ज्याच्या हवाली केलं, त्याला हे पहिल्याच हंगामात जमलं. तेव्हा तो तरुण होता. वीटभट्टीवरून विटा भरून निघायचा आणि घाट चढून जायचा. गिअर पडलेला कुणाला कळायचंसुद्धा नाही. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "याचा हात म्हणजे लोणी!"

हात. कौतुक हाताचं, झीज माझी. त्या टपरीवर कुणी एकदा तरी वाकून माझ्याकडे बघितलं असतं, तर कदाचित माझा स्वभाव वेगळा झाला असता.

दुसरा

तरुण होता तो म्हातारा झाला. माझं तेल वेळेवर बदललं जाईना. आधी काळं झालं, मग त्यात लोखंडाचा चुरा चमकायला लागला. तो माझाच चुरा.

आणि मग त्याचा डावा गुडघा गेला. वर्षानुवर्षं क्लच दाबून गेला. याबद्दल मला वाईट वाटावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती तुमच्यापाशी ठेवा.

डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. त्याने घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाले, थोडं जपा.

घरात तो, त्याची बायको, मुलगा आणि सून. मुलगा शिंपी आहे. त्याला गाडी लागते. अंगणात इंजिन सुरू झालं तरी तो तोंडावर रुमाल धरून आत जातो. तेव्हा पुढेमागे गाडी चालवणार कोण, यावर सूनच बोलली.

"मी शिकते."

"काय?" म्हाताऱ्याने विचारलं. "ट्रक? शिलाई मशीनचं पायडल आहे का ते?"

"शिलाई मशीन निदान कुरकुरत नाही, मामंजी."

त्यावर त्याची बायको अंगणात आली आणि तिने निकाल दिला. दारात दोन दिवसांपूर्वीच भंगारवाला येऊन गेला होता. माझ्या पोटावर हातोडी वाजवून म्हणाला होता, "लोखंड चांगलंय." त्याच्या पायात पुढून फाटलेले बूट होते आणि अंगठा बाहेर डोकावत होता. असा हावरा अंगठा मी पाहिला नाही.

"ही लायसनच्या परीक्षेत पास झाली तर गाडी राहील," सासूबाई म्हणाल्या. "नापास झाली तर भंगारवाल्याला बोलवा. मला अंगण मोकळं मिळेल, आणि तुमचा गुडघाही एकदाचा घरी बसेल."

म्हणजे माझं मरणजगणं एका नवशिक्या बाईच्या पायावर. मित्रांनो, मी तिचा पहिल्या दिवसापासून द्वेष केला.

तिसरा

खर्रर्र.

नाही गेला.

दुसरा, पुन्हा

तिची चप्पल निळी होती, टाचेला झिजलेली. म्हातारा तिला रोज सकाळी नदीकडच्या रस्त्यावर न्यायचा. आधी स्वतः चालवून दाखवायचा, मग तिला बसवायचा.

इंजिन केबिनच्या मधोमध आहे, पत्र्याच्या मोठ्या पेटाऱ्याखाली. त्यामुळे पलीकडे बसलेल्या तिला त्याचा पाय दिसायचा नाही. दिसायचा फक्त गुडघा. गुडघा वर, गुडघा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"बघितलंस? पाय टेकव, काढ. टेकव, काढ. मध्ये रेस. यात काय शिकायचंय?"

आणि मग ती बसायची. जागेवरून गाडी उचलताना क्लच तळापर्यंत दाबायची, ते तिला नीट जमायचं. पहिल्यातून दुसऱ्यात ती जोर लावून मला ढकलायची. पण पुढे चढ आला, चौथ्यातून तिसऱ्यात यायची वेळ आली, की गुडघा वर, गुडघा खाली, मध्ये रेस, आणि

तिसरा

खर्रर्रर्र.

दुसरा, तिसऱ्यांदा

"भांडी घासतेयस का?" म्हातारा ओरडायचा.

"भांडी घासताना एवढा आवाज होत नाही. तुम्ही कधी घासली नाहीत, म्हणून माहीत नाही."

"जीभ कशी बरोबर गिअरमध्ये पडते तुझी!"

"तिला शिकवणारे वेगळे होते."

गाडी चढावर बंद पडायची. मागे सरकायची. मागचा टेंपोवाला शिव्या घालायचा. घरी आल्यावर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "हिचे कानच नाहीत. गाडी चालवायला कान लागतात."

सून आत जाऊन भांडी आदळायची. शिंपी मशीन जोरात चालवायचा.

आणि मी? मी दर वेळी चावत होतो. माझ्या दातांचे कोपरे उडत होते, तरी चावत होतो. कारण मला एक गोष्ट दिसत होती, जी वर कुणालाच दिसत नव्हती.

तिचा पाय.

चालत्या गाडीत तिचा पाय क्लचवर नुसता टेकत होता. दबत नव्हता. निळी चप्पल अलगद यायची, पायडलला शिवायची आणि निघून जायची. जशी म्हाताऱ्याची यायची. हुबेहूब तशीच.

रिव्हर्स

मागे जातो. इथे मागे गेल्याशिवाय वळता येणार नाही.

गुडघा गेल्यापासून म्हाताऱ्याने चालत्या गाडीत क्लच दाबलाच नव्हता. त्याला गरज नव्हती. इंजिनाचा सूर असा काही जुळवायचा की दात आपोआप दातांत यायचे, क्लचशिवाय. हे फार थोड्यांना येतं. पण पायाला कळ येते हे बायकोला दिसू नये, म्हणून तो गुडघा मात्र वरखाली करायचा. खोटं खोटं.

गाडी तो तेव्हापासून अंगणाच्या उतरत्या टोकाला लावायचा, तोंड खाली करून. "बॅटरी कमजोर आहे," म्हणायचा. बॅटरी ठणठणीत होती. उतारावरून गाडी नुसती सोडली की चालत्या गाडीत गिअर टाकता येतो, क्लच दाबावा लागत नाही.

मग त्याने सुनेला मुद्दाम चुकीचं शिकवलं का? ती नापास व्हावी, गाडी जावी, पण आपली जागा सुनेला मिळू नये म्हणून? की त्याच्या पायाला जेवढं आठवत होतं, तेवढंच तो सांगत होता? मी खालून बघत होतो. मला विचाराल तर दोन्ही.

न्यूट्रल

परीक्षा दोन दिवसांवर आली, तेव्हा ती म्हणाली, "मामंजी, आज मी बसत नाही. तुम्हीच चालवा. भट्टीपर्यंत जाऊन येऊ."

तो खूश झाला. हरली, असं त्याला वाटलं. स्वारी रुबाबात चढली. त्याआधी ती त्याच्या बाजूचा पत्रा पुसायला चढली होती आणि तिने क्लचच्या पायडलखाली काहीतरी ठेवलं होतं. मी पाहिलं. रिकामी काड्यापेटी. ग्रीसचं बोट लावून चिकटवलेली.

गाडी उतारावरून सुटली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. लोणी. चढ. चौथ्यातून तिसरा. लोणी. वाटेतलं रेल्वेचं फाटक बंद होतं, तर त्याने लांबूनच गाडी एवढी सावकाश केली की पोचेपर्यंत ते उघडलं. भट्टीला न थांबता वळसा घालून परत. घराजवळच्या उतारावर दांडा मध्ये आणून ब्रेक.

"याला म्हणतात चालवणं," तो म्हणाला.

ती उतरली, त्याच्या बाजूला आली, हात घालून काड्यापेटी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. पेटीला एक सुरकुती नव्हती.

"आई सकाळपासून शोधताहेत," ती म्हणाली. "सापडली म्हणून सांगा."

त्याने डावा पाय क्लचपासून मागे ओढून घेतला.

"सासूला सांगणार?"

"मला तिसरा पाहिजे."

"हे असं क्लचशिवाय शिकायला जन्म जातो."

"मला ते नकोच आहे. परीक्षक पाय बघणार. ज्यांच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, ती माणसं काय करतात, ते सांगा."

त्याने दार उघडलं. आधी उजवा पाय खाली टेकला, मग डावा दोन हातांनी उचलून खाली आणला. तिच्यासमोर त्याने हे पहिल्यांदाच केलं. वळसा घालून तो पलीकडे जाऊन बसला.

"बस," तो खेकसला. "आणि टेकवू नकोस. दाब. तळापर्यंत दाब. माझ्या डोक्यावर पाय देतेयस असं समज."

"ते सोपं जाईल," सून म्हणाली.

दुपार उतरेपर्यंत ती दोघं त्या एकाच चढावर होती. तो इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा, "अंऽऽ नाही... अंऽऽऽ आता!" आणि ती चुकली की तिच्या माहेरापर्यंत जायचा. ती त्याच्या पिढ्यांपर्यंत जायची. प्रेमाचा एक शब्द मी ऐकला नाही. दाबलेला क्लच मात्र ऐकला, खूप दिवसांनी.

चौथा

परीक्षक जाड माणूस होता. पायांत चकचकीत बूट, त्यांत सुजलेले पाय. तो जांभई देत चढला. म्हातारा चढाच्या वळणावर दगडावर बसला होता, पाय लांब करून. घरी अंगणात भंगारवाला येऊन थांबला होता. सासूबाईंनीच बोलावला होता. त्या कुठल्याही निकालाला तयार असतात.

गाडीत विटा भरलेल्या. चढ सुरू झाला. इंजिन कण्हायला लागलं. चौथ्यात आता दम उरला नव्हता.

मी दात आवळून तयार होतो. मित्रांनो, खोटं बोलत नाही, मला चावायचंच होतं. भंगारात जायची पाळी आली तरी चालेल, पण फुकट कुणाला तिसरा द्यायचा नाही, असा माझा स्वभाव झाला आहे.

निळी चप्पल आली. क्लच दाबला, तळापर्यंत. दांडा मध्ये. चप्पल उचलली. रेस, अंऽऽऽ. पुन्हा तळापर्यंत.

तिसरा

गेला.

आवाज झाला नाही. परीक्षकाला काही कळलंही नाही, तो खिडकीबाहेर बघत होता. सगळ्यात मोठी गोष्ट घडली आणि कुणाला ऐकू गेली नाही. नीट पडलेला गिअर असाच असतो. दगडावर बसलेल्या म्हाताऱ्याने मात्र मान वर केली, कारण त्याला न झालेला आवाज ऐकू येतो.

न्यूट्रल

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. माझं तेल बदललं. सुनेने बदलायला लावलं, माझ्या प्रेमापोटी नव्हे, तिसरा जड जातो म्हणून. तेवढं मला पुरतं.

काड्यापेटी परत दिली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गाडी उतारावर लावायला लागले ना, तेव्हाच कळलं होतं मला. बॅटरी म्हणे!"

आता सून चालवते आणि म्हातारा पलीकडे बसतो. अजून भांडतात. "लवकर टाकलास!" "तुम्ही गप्प बसा!" पण चढ आला, की त्याचा डावा पाय मला फटीतून दिसतो. तिथे पायडल नाही, काही नाही, नुसता पत्रा आहे. तरी ती क्लच दाबते तेव्हा तोही दाबतो. एकदा, आणि मग पुन्हा. दुखऱ्या गुडघ्याने, तळापर्यंत. पत्र्याला तिथे आता खळगा पडला आहे.

शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते. घ्या. मला जपा, असं मी म्हणणार नाही, तुम्ही जपणार नाही. पण कधी पाय ठेवायची वेळ आली, तर दाबा, नाही तर लांब ठेवा. नुसता टेकवू नका. वर कुणाला दिसणार नाही, हे खरं आहे.

मी खाली आहे.