करमाडची पिशवी

चिकलठाण्याच्या ऑफिसात बसून मी तीन रक्तकेंद्रांचा डेटाबेस सांभाळतो. एक केंद्र शहरात, एक जालन्यात, एक करमाडला. प्रत्येकाचा आपापला सर्व्हर, आणि रक्ताची एकच पिशवी दोघांना कबूल होऊ नये म्हणून मधे माझा मुख्य सर्व्हर. शहराला करमाडची पिशवी हवी असली, तर तो आधी दोघांना विचारतो, तयार आहात का? दोघांचं हो आलं तर व्यवहार पक्का, नाहीतर रद्द. आणि एकदा 'तयार' म्हटलेल्या केंद्रानं निकाल कळेपर्यंत त्या पिशवीला हात लावायचा नाही. हा नियम माझा. चारचौघांत मी तो मिरवायचोसुद्धा.

करमाडचा टेक्निशियन हारिस. मागच्या वर्षी नेट गेलं असताना त्यानं एक पिशवी हातानं लिहून देऊन टाकली, आणि नेमकी तीच शहरातल्या एका ऑपरेशनला कबूल झालेली होती. मोठा गोंधळ झाला. त्याला मेमो मीच द्यायला लावला, वर फोनवर नाही नाही ते बोललो. तेव्हापासून हारिस मला विचारल्याशिवाय शिंकतही नाही.

त्या मंगळवारी सकाळी शेंद्र्याजवळ जेसीबीनं करमाडकडे जाणारी नेटची केबल तोडली. अकरा वीसला हारिसचा फोन आला.

"सर, बाळंतीण हाय एक, रूपा म्हणून. रक्त थांबत नाय. ओ निगेटिव्हची एकच पिशवी हाय इथं, अन् ती अकराला शहरानं मागितली. आपण तयार म्हटलं अन् लाइनच गेली. आता स्क्रीनवर नुसतं 'निकालाची वाट' दाखवतंय. देऊ का?"

"नियम काय आहे?"

"हात लावायचा नाय."

"मग? शहरातही कुणीतरी टेबलावर असेल. लाइन येऊ दे, सर्व्हर सांगेल."

पावणेबाराला पुन्हा फोन. "सर, डॉक्टर लई चिडलेत. दुसरीकडून मागवलीय, पण यायला तास लागंल. तिचा नवरा माझ्यासमोर उभा हाय."

"हारिस, मागच्या वर्षीचं विसरलास का?"

"नाय सर," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पोरगं सुधारलं, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

बारा दहाला लाइन जोडली गेली. तिन्ही सर्व्हर आपसूक जुळले, कुठं काही तफावत नाही. आमचे संचालक विश्वजीत यांचा मेसेज आला, केबल तुटूनही एक नोंद चुकली नाही, शाबास मुकुंद. त्या कौतुकाच्या भरात मी मुख्य सर्व्हरची नोंद उघडली.

करमाडचं 'तयार' माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सर्व्हरनं ठरल्याप्रमाणे थोडी वाट पाहिली आणि अकरा चारला व्यवहार रद्द केला. शहरानं जालन्याची पिशवी घेतली. हारिसचा पहिला फोन येण्याच्या सोळा मिनिटं आधीपासून करमाडची पिशवी मोकळी होती, आणि ते फक्त करमाडला ठाऊक नव्हतं. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर ती एक ओळ होती. शहराला नुसता फोन केला असता तरी कळलं असतं. मी बघितलं नाही, कारण माणसाला मधे पडावं लागू नये म्हणून तर मी ते सगळं लिहिलं होतं. माझ्या हुशारीची मला किळस आली.

तेवढ्यात फोन वाजला.

"रूपा गेली, सर. बारा वाजता." हारिस बोलत होता. "अन् आता स्क्रीनवर पिशवी मोकळी दाखवतंय. म्हणजे शहरानं आत्ता सोडली ना? मघाशी त्यांच्याच पेशंटची होती ना ती?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते सांगितलं असतं, तर तिच्या नवऱ्याला आज ना उद्या कळलं असतं. विश्वजीतना कळलं असतं. हारिस मात्र आयुष्यभर म्हणत राहिला असता, मी द्यायला पाहिजे होती. मी त्याच्यावर दया केली असं म्हणायला मला आवडेल, पण मी आधी स्वतःला वाचवलं.

"हो," मी म्हणालो. "आत्ताच सोडली."

"बरं झालं सर, तुम्ही थांबवलं. नायतर परत तीच चूक झाली असती माझ्याकडनं," हारिस म्हणाला, आणि त्यानं माझे आभार मानले.