तिसऱ्या तळ्यातलं पाणी

नाल्याच्या पाण्यावर केळी घेणाऱ्या लोटनबापूंनी ठिबकची नळी रोहिणीच्या टेबलावर आपटली. नळीतून राखाडी चिखल ओघळला आणि तिच्या हातातल्या कागदांवर पसरला.

"हाई देख माय, तुन्ही खदाननं पानी! मन्ही केळी मरी ऱ्हायनी, आन् तू कागदवर सही करी ऱ्हायनी!"

म्हातारा खोटं बोलत नव्हता. शहाद्याजवळच्या त्या दगडखाणीवर रोहिणी पर्यावरण अधिकारी होती. खाणीत दगड भरडून वाळू करायचे. ती वाळू धुतल्यावरचं गढूळ पाणी तीन तळ्यांतून फिरवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी नाल्यात सोडायचं, असा नियम. पण पहिली दोन तळी गाळाने काठोकाठ भरली होती. "पुढच्या महिन्यात उपसतो, मॅडम," असं मॅनेजर हेमकांत म्हणाला, म्हणून 'पाणी निवळूनच सोडलं' या महिन्याच्या अहवालावर तिने दोनदा सही केली होती. त्या दोन सह्या आता तिला चटके देत होत्या.

तिसऱ्यांदा तिने सही केली नाही. हेमकांत हसला. "नका करू. उद्या तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येताहेत, ते बघतील."

सकाळी ती खाणीवर पोचली तेव्हा तिसऱ्या तळ्याच्या काठावर टँकर उभा होता. जाड पाइपातून बोअरचं स्वच्छ पाणी धो धो तळ्यात पडत होतं. वाळू धुण्याचं यंत्र बंद.

"हे काय चाललंय?"

"पाहुण्यांसाठी सडा-रांगोळी करतोच ना आपण?" हेमकांत म्हणाला.

तासाभराने तपासणीचे साहेब आले. ते तळ्यावर वाकून बाटली बुडवणार, एवढ्यात रोहिणी पुढे झाली.

"साहेब, हे पाणी टँकरचं आहे. खाणीचं पाणी बघायचं असेल तर यंत्र चालू करा, आणि नमुना नाल्यावर घ्या."

"मॅडम!" हेमकांत ओरडला.

"ओरडू नका. मी दोन महिने खोट्यावर सही केली, तेही लिहून घ्या, साहेब."

साहेबांनी यंत्र सुरू करायला लावलं. अर्ध्या तासात नाल्यातून सिमेंट कालवल्यासारखं पाणी वाहू लागलं. तळी उपसून होईपर्यंत खाण बंद, असा हुकूम आठवड्याच्या आत निघाला. रोहिणीची नोकरी मात्र त्याच संध्याकाळी गेली.

पंधरा दिवसांनी जेसीबीवाल्या सुपडूचा फोन आला. "ताई, तळी खाली करी ऱ्हायनूत. मॅनेजर सांगस, गाळ नालाना काठवर टाक. टाकू का?"

रोहिणी जेवणावरून उठली आणि हातही न पुसता स्कूटी काढली. नाल्याच्या काठावर गाळाचा पहिला ढीग पडलेला होता. एक जोराची सर आली, की सगळा परत पाण्यात.

ती जेसीबीच्या फावड्यासमोर जाऊन उभी राहिली. हेमकांत धावत आला. "तुमचा इथे काय संबंध? तुम्हाला काढलंय!"

"काढलंय, म्हणून आता मला तुमची भीती नाही. सुपडूदादा, हा ढीग उचला आणि वरच्या जुन्या खड्ड्यात टाका. नाहीतर इथूनच साहेबांना फोटो पाठवते." तिने मोबाइल ढिगाकडे रोखला.

सुपडूने हेमकांतकडे पाहिलंच नाही. त्याने फावडं ढिगात घातलं. शेवटची खेप वरच्या खड्ड्यात पडेपर्यंत रोहिणी उन्हात उभी राहिली, तीन दिवस, रोज.

चौथ्या दिवशी नाल्याच्या तळाचे दगड दिसू लागले. लोटनबापूंनी काठावर येऊन ओंजळीत पाणी घेतलं. रोहिणीला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील.

"पानी ते चांगलं शे," ते म्हणाले. "पन मन्ही केळी गयी ती गयीच."

आणि ते मळ्याकडे निघून गेले. रोहिणीने डोकं खाली घातलं नाही. स्कूटीला किक मारून ती तडक नंदुरबारला कलेक्टर कचेरीत निघाली, बापूंच्या केळीची भरपाई खाणीकडूनच घ्या, असा अर्ज द्यायला.